हिरड्यांची ओहोटी

केस पिकले की माणूस म्हातारा व्हायला लागला आणि तोंडाचे बोळके झाले की झाला, असा आपला साधा हिशेब. पण या दोन टोकांच्या मध्ये दातांच्या बाबतीत दहा-पंधरा वर्षांचा एक काळ असतो, त्याला मराठीत धड नाव नाही. दात पडलेला नसतो, किडलेला नसतो, बऱ्याचदा दुखतही नसतो. फक्त हिरडी त्याला सोडून चाललेली असते. आमच्या घरात याला ‘दात लांब होणे’ म्हणत. आता दात काही लांब होत नाहीत. उंदराचे वाढतात, माणसाचे नव्हे. लांब दिसतो तो दाताचा एरवी झाकलेला भाग, म्हणजे मूळ. पावसाने बुंध्याची माती वाहून जावी आणि माडाची मुळे उघडी पडावीत, तसे. कोणी तक्रार केलीच तर कोंकणीत दोन शब्दांत निकाल लागायचा, “पिराय जाली!” वय झाले, संपला विषय.

हा ‘संपला विषय’ मला पटत नाही, आणि त्याचे कारण माझी आते.

आते अंत्रूज महालातली. पौषात धालो सुरू झाले की मांडावर ओवी उचलायची ती आतेने. धालो ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल, समोरासमोर बायकांच्या दोन रांगा, एकीने म्हणायचे आणि दुसरीने झेलायचे. आतेचा आवाज फार मोठा होता असे नाही, पण शब्द स्वच्छ. आम्ही पोरे घरच्या सोप्यावर बसून ऐकायचो, तर अक्षर न् अक्षर कळायचे. पंचेचाळिशीत तिचे खालचे पुढचे दात लांब दिसायला लागले, मग त्यांच्यात फटी पडल्या, पन्नाशी ओलांडल्यावर ते हलू लागले. शेवटी शहरातल्या एका दवाखान्यात तीन खेपांत अकरा दात काढून मोकळे केले. हिरडीवर काही उपचार असतो, त्यातले चार-पाच तरी राखता येतील का, हा विषयच तिथे निघाला नाही. कदाचित तोवर उशीर झालेलाही असेल. पण शब्दाने तरी सांगायचे!

दात गेले म्हणजे चावणे गेले एवढेच आपण धरून चालतो. व्याकरणात शिकलेले आठवते का? त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण. जीभ दातांना टेकल्याशिवाय ते होत नाहीत. कवळी घातली की होतात म्हणा, पण दात काढल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजत जाते, त्यामुळे खालची कवळी दोन-चार वर्षांत सैल होते आणि ‘स’ची शीळ व्हायला लागते. आते मग झेलणाऱ्या रांगेत जाऊन उभी राहिली. सगळ्या ओव्या तिला आजही पाठ आहेत. उचलत मात्र नाही.

तिच्या बाबतीत मशेरीचा वाटा मोठा होता. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी एक बोट, जेवणानंतर एक, निजण्यापूर्वी एक. बाई बिडी ओढते म्हटले असते तर गाव हसला असता. मशेरी लावणारी मात्र घरोघरी होती, आणि ती तंबाखू खाते असे कोणी म्हणत नसे. ती दात ‘स्वच्छ’ करत होती! तंबाखू जिथे रोज दाबून धरली जाते, नेमकी तिथलीच हिरडी मागे हटते, हे दातांच्या डॉक्टरांना चांगले माहीत आहे. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. पाकिटातलीवर त्या कायद्याने बंदी आली. घरच्या तव्यावर भाजलेलीला कोणता कायदा थांबवणार? त्या मानाने आमच्या आज्याची पद्धत बरी. आंब्याचे पान दुमडून दातांवरून फिरवायचे आणि टाकून द्यायचे. तुसाची राखुंडी हा मात्र मधलाच प्रकार. तिने दात चकचकीत होत असतील, पण खरखरीत पुडीने रोज आडवे घासले की दातही झिजतो आणि हिरडीही.

माझ्या वाट्याला हे दुखणे छपन्नाव्या वर्षी आले. मशेरी नाही, सिगारेट नाही, विडा फक्त लग्नाच्या पंगतीत. सकाळच्या पेजेबरोबर खारातले तोर चावले आणि वरच्या डाव्या सुळ्यातून डोक्यापर्यंत कळ गेली. आरशात पाहिले तर सुळा त्याच्या जोडीदारापेक्षा चांगलाच लांब, आणि वरचा भाग पिवळट. तो पिवळट भाग म्हणजे उघडे पडलेले मूळ. दाताच्या वरच्या भागावर जे कठीण चकचकीत आवरण असते ते मुळावर नसते. मुळात आतल्या नसेकडे जाणाऱ्या असंख्य बारीक नळ्या असतात, आणि आंबट, गार, गोड काहीही लागले की त्यांतून निरोप थेट आत पोचतो. तोराने नेमके हेच केले होते.

मी हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे गेलो. त्यांना पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात. त्यांनी आधी काहीही न करता फक्त मोजले. खुणा केलेली एक बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत अलगद घालायची आणि आकडा सांगायचा. एका दाताभोवती सहा ठिकाणी. समोर बसलेली मुलगी लिहून घेत होती, दोन, दोन, तीन, पाच... वाण्याच्या दुकानात यादी चालावी तसे. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे खाच खोल होत गेली तर खाली हाड झिजत असल्याचा संशय. शिवाय हिरडी मूळ जागेपासून किती मागे गेली हे वेगळे मोजायचे. मग एक्स-रे.

हिशेब असा निघाला. सुळ्याची हिरडी चार मिलिमीटर मागे, पण खाच उथळ आणि दोन्ही बाजूंचे हाड शाबूत. हा सुळा पहिल्यापासून रांगेच्या जरा बाहेर आलेला, त्यावरचे हाड आणि हिरडी दोन्ही पातळ. ही आमच्या घराण्याचीच ठेवण. खालच्या चार पटाशीच्या दातांची हिरडी मात्र दोनच मिलिमीटर मागे, दिसायला काही विशेष नाही. पण तिथे दातांच्या मधले हाड उतरलेले होते. जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात, त्यांच्या समोरच हे दात, म्हणून त्यांच्या मागच्या अंगाला कीटण सगळ्यांत लवकर धरते. आणि कीटण एकदा घट्ट झाले की कुठल्याही ब्रशने निघत नाही.

मी साहजिकच विचारले, “हिरडी परत वर येते का हो?”

डॉक्टर म्हणाले, “आपणहून? नाही.”

मांडवीची ओहोटी सहा तासांत फिरते. ही नाही फिरत. तेलाची चूळ, लवंग, हळद-मीठ, जाहिरातीतले जेल, यांनी तोंडाला बरे वाटत असेल, तेलाच्या चुळीने दातांवरचा थर थोडाफार कमीही होत असेल, पण गेलेली हिरडी यातल्या कशानेही उगवत नाही. एका स्नेह्याने मला दोन महिने आवळे खायला सांगितले. त्याच्या डोक्यात ‘क’ जीवनसत्त्व होते. त्या जीवनसत्त्वाअभावी जे होते ते वेगळेच दुखणे, आणि त्याची एक गोष्ट आमच्या अंजदीवशी निगडित आहे. वास्को द गामाची गलबते ५ ऑक्टोबर १४९८ रोजी अंजदीवहून परतीला निघाली. वारा पडला आणि आफ्रिकेचा किनारा गाठायला तीन महिन्यांना तीन दिवस कमी लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, खाता येईना, तीस माणसे वाटेत मेली. पुढे मालिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांसाठी त्यांनी आधी मागितली ती संत्री. तिथे हिरडी दातावर चढली होती, माझी दाताला सोडून चालली होती. आवळा चांगलाच, पण माझ्या सुळ्याला त्याचा उपयोग नव्हता.

सुश्रुतांनी मात्र हे दुखणे ओळखले होते असे दिसते. मुखरोग त्यांनी पासष्ट मोजले आणि त्यातले पंधरा दातांच्या मुळाशी, म्हणजे हिरडीचे. त्यात ‘शीताद’ नावाचा एक आहे. हिरडीतून अकस्मात रक्त, दुर्गंधी, हिरडी मऊ पडून तिचे मांस झडत जाणे, ही त्याची लक्षणे. त्यांनी याला रोग म्हटले, वय म्हटले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

उपचाराची पहिली पायरी सगळ्यांना एकच, कीटण काढणे. आणि इथेच आपल्या लोकांची सगळ्यांत मोठी अढी. “दात साफ करून घेतले की फटी पडतात, दात हलतात.” हे मी फोंड्याच्या बाजारापासून म्हापशाच्या बसपर्यंत सगळीकडे ऐकले आहे. यात दिसणारी गोष्ट खरी आहे, अर्थ चुकीचा आहे. फट आधीच पडलेली असते, ती कीटणाने बुजलेली असते. कीटण निघाले की दिसते. सुजलेली हिरडी सूज उतरल्यावर आखडते, त्यामुळे ती अजूनच मागे गेल्यासारखी वाटते. माझ्या खालच्या दातांना तर भूल देऊन हिरडीच्या आतले मूळही खरवडून गुळगुळीत केले. महिन्याभरात पाचाच्या खाचा तीनावर आल्या. दात थोडे लांब दिसायला लागले, हे कबूल. पण रक्त येणे थांबले.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्रश. मऊ घ्यायचा, हिरडीशी तिरपा धरायचा आणि हिरडीकडून दाताकडे वळवत न्यायचा. वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर. भांडी घासल्यासारखे आडवे नाही. फटींसाठी बाटली धुण्याच्या ब्रशासारखे पण काडीएवढे छोटे ब्रश मिळतात. कळ येण्यासाठी पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट दिली. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत कंटाळून सोडू नये. त्यानेही भागले नाही तर फ्लोराइडचा लेप, किंवा मुळाशी खाच पडली असेल तर दाताच्याच रंगाचे सिमेंट भरतात. कित्येकांचे काम एवढ्यावरच होते. हिरडी मागे गेली आहे, पण दुखत नाही, रक्त नाही, आणि वर्षानुवर्षे आकडा तोच आहे, तर नुसते मोजत राहणे हाही उपचारच. प्रत्येक लांब दाताला सुरी लावायची गरज नसते. तशी घाई करणारा भेटला तर मी दुसऱ्या डॉक्टरचे मत घेईन.

माझ्या सुळ्याची हिरडी मात्र मागच्या दोन वर्षांत आणखी हटली होती. जुन्या फोटोंवरून ते कळत होते. तिथे शस्त्रक्रियेचा विषय निघाला, आणि मला एक उलटी गंमत कळली. जो दात भयंकर दिसत होता तो झाकता येणार होता, आणि जे चार बरे दिसत होते ते झाकता येणार नव्हते! कारण असे, की मुळावर आणून ठेवलेल्या हिरडीला रक्त मिळते ते आजूबाजूने. उघड्या मुळातून काही मिळत नाही. दोन दातांमधले हाड आणि तिथला हिरडीचा त्रिकोण उभा असेल तर वरचे कलम जगते. तोच खचला असेल तर कलमाला आधारच नाही. मिलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९८५ साली याच आधारावर चार वर्ग पाडले. पहिल्या दोनांत मूळ पूर्ण झाकण्याची आशा, तिसऱ्यात अर्धेमुर्धे, चौथ्यात नाही. आता त्याची सुधारलेली तीन प्रकारांची पद्धत वापरतात, पण प्रश्न तोच, दातांच्या मध्ये काय उरले आहे? आतेचे दात पंचेचाळिशीत लांब दिसायला लागले तेव्हा मध्ये काय उरले होते, ते कोणी पाहिले नाही.

शस्त्रक्रिया मी चवथ उलटल्यावर ठरवली. नेवऱ्या आणि चकल्यांचे दिवस टाळून. टाळूच्या आतून, वरची साल तशीच ठेवून, खालचा एक पातळ पापुद्रा काढला. तो सुळ्याच्या मुळावर बसवला आणि वरची हिरडी मोकळी करून, ओढून, त्यावर शिवली. आमच्या बागायतीत आंब्याचे कलम बांधतात, त्यापेक्षा हे काही फार वेगळे नाही. भुलीमुळे त्या वेळी दुखले नाही. नंतर दुखले ते सुळ्यापेक्षा टाळूला, चारेक दिवस. दोन आठवड्यांनी टाके काढले. तोवर आणि नंतरही काही दिवस तिथे ब्रश लावायचा नाही, क्लोरहेक्सिडिनच्या पाण्याने चूळ भरायची. तिने चहाची चव जाते आणि दातांवर तपकिरी डाग पडतात, ते पुढे साफ करता येतात. खाणे म्हणजे कोमट पेज, अर्थातच तोराशिवाय. सहा महिन्यांनी मोजले तेव्हा चारातले साडेतीन मिलिमीटर झाकले गेले होते. तोर पुन्हा सुरू झाले. खालचे चार दात दर तीन महिन्यांनी दाखवतो. ते जसे आहेत तसे टिकवायचे, एवढेच तिथे ठरले आहे.

पद्धती बऱ्याच आहेत. शेजारची हिरडी सरकवून आणण्याची रीत १९५६ पासूनची. कधी टाळूची सालही कापून घेतात. तिने हिरडी जाड होते, पण रंग वेगळा दिसतो, ठिगळासारखा. आपल्याच रक्तातून केलेला फायब्रिनचा पापुद्रा घालतात. छोट्या भोकातून आतल्या आत हिरडी सैल करून सरकवण्याची पद्धत अलीकडे फार ऐकू येते, तिच्यात टाळू वाचतो. टाळूऐवजी विकत मिळणारे पडदे आणि जेलही आहेत, पण त्यातले बरेचसे गाईबैलांच्या किंवा डुकरांच्या अवयवांपासून केलेले असतात. शाकाहारी मंडळींनी, आणि एकादशी पाळणाऱ्यांनी, आधी विचारून घ्यावे. नंतर कळून मनस्ताप नको. यातली सगळ्यांत जास्त तपासलेली आणि खात्रीची रीत टाळूतल्या पापुद्र्याचीच, असे डॉक्टरांचे म्हणणे. सिगारेट ओढणाऱ्यांत ती कमी यशस्वी होते. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात हवी.

खर्चाचे म्हणाल तर खाजगीत एकेक दात महागात पडतो. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी बांबोळीला गोवा डेंटल कॉलेज आहे, १९८० सालचे. हिरड्यांचा विभाग तिथे वेगळा आहे. शिकणारे डॉक्टर काम करतात, मागे प्राध्यापक उभे असतात. वेळ जातो, रांग असते. पण मोजमाप कसून होते, आणि खरी गरज त्याचीच असते.

सध्या तिथे आतेची नात जाते आहे. चोवीस वर्षांची. खालच्या पुढच्या एकाच दाताची हिरडी हटली आहे, कारण ओठाच्या आतली शीर तिथे फार वर जोडलेली आहे आणि बोलताना, हसताना हिरडीला ओढते. शीर सोडवायची आणि त्या जागी टाळूचे कलम लावायचे, असे ठरले आहे. मधले हाड शाबूत आहे. पौषात तिला मांडावर उभे राहायचे आहे, म्हणून टाके त्याआधी निघायला हवेत असे तिने डॉक्टरांना बजावून तारीख घेतली. आतेने तारीख ऐकली आणि पंचांग काढून बसली. त्या दिवशी अमावास्या निघाली. तारीख बदलून घे म्हणते, आणि नात काही ऐकत नाही.